तबकडीवरचं नाव

"पुन्यांदा लावा, आण्णा," मी म्हणालो.

मुरारी शेट्यानं फोनोला किल्ली दिली, सुई उचलून कडेला टेकवली आणि माझ्या बायकोचा आवाज दुसऱ्यांदा त्याच्या हॉटेलात भरला. भजी तळणारा झारा हातात धरून थांबला होता. विट्याचा बाजाराचा दिवस. दारात माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि कुणी कुणाला सरक म्हणत नव्हतं.

कणसावर पाखरू, गोफण मारू कशी गं
चोचीत त्याच्या दाणा, घरी पिल्लं उपाशी गं

मी गाणं ऐकतच नव्हतो. बोटांवर कडवी मोजत होतो. एक झालं, दोन झाली, तीन, चार. त्यापुढं नुसती खरखर.

"पाचवं कुटं हाय?" मी विचारलं.

"तीन मिन्टाची असती तबकडी," शेटे म्हणाला. "मावलं तेवढं मावलं."

"आन् नेमकं माझ्या नावाचंच मावलं न्हाई?"

तो हसला. मला तसं कुणाचंच हसणं पटकन पचत नाही, पण त्या हसण्यात कुठंतरी पाणी मुरत होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. तो त्याचा सातबारा. गाणं गावोगाव फिरतं, चार तोंडांतनं जातं, शब्द इकडचे तिकडं होतात, पण शेवटचं कडवं आलं की माल कुणाचा ते कळतं. माझं कडवं असं होतं:

सुतार पिराजी म्हणे, असू दे दाणे दोन गं
पाखराच्या वाट्यापायी, उपाशी मरतं कोण गं

तेच उडवलेलं. मुंडकं तोडलेल्या कोंबड्यासारखं गाणं माझ्यापुढं तडफडत होतं आणि लोक माना डोलावत होते.

"तबकडी काढा बघू," मी म्हणालो.

मधोमध लाल कागद चिकटवलेला होता. मी चौथीपर्यंत शिकलोय, अक्षरं लावता येतात. वर कंपनीचं नाव, सारंग. खाली 'शेतातले गाणे'. त्याखाली 'गायिका : हौसाबाई'. आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'गीत : मुरारी'.

मी दोनदा वाचलं. मग शेट्याकडं बघितलं. त्यानं टोपी सारखी केली.

"ह्ये काय, आण्णा?"

"मला काय ठावं? कंपनीनं छापलंय."

"नाव तुमचं हाय."

"हाय खरं," तो म्हणाला. "म्या गाठ घालून दिली, मुंबैला नेऊन आणलं. त्येंच्या मनात आलं आसंल."

"म्हंजे गाणं तुमी केलं?"

"म्या कुटं म्हणतोय तसं?"

"मग न्हाई केलं म्हणा की. हितं, चारचौघांत."

तो फडक्यानं सुई पुसायला लागला. "गिऱ्हाईक हाय, पिराजी. मागनं बोलू."

मागनं कुणीतरी म्हणालं, "आण्णा, तुमच्यात ही बी कला हाय, ठावं नव्हतं बगा." शेटे त्यालाही नाही म्हणाला नाही. मी तसाच बाहेर पडलो.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई संपल्यावर सहा-सात वर्षांची. गुळाला, हळदीला भाव आला होता आणि ज्याच्या घरात धड दोन खोल्या नव्हत्या तोही फोनो घेऊन बसत होता. सिनेमाची गाणी वाजायची, पण म्हातारीकोतारी म्हणायची, आपल्यातलं काही नाही का ह्यात? सारंग कंपनीचे कारखानीस तबकड्या विकत आमच्या भागात फिरायचे. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात आलं की रानातली गाणी, सुगीची, मोटेवरची, अशीच्या अशी भरून विकावीत. ते विट्यात शेट्याच्या हॉटेलात उतरले आणि त्यांनी विचारलं, इथं गातं कोण? शेट्यानं सांगितलं, सुताराची हौसा.

त्यानं सांगितलं ते खोटं नव्हतं. हौसा सुगीला रानात उतरली की बाकीच्या बायका नुसत्या तिच्या मागं झील ओढायच्या. गाणी माझी असायची. रंधा मारताना हाताला जी लय लागते तिच्यावर मी शब्द बसवायचो आणि तिला शिकवायचो. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलं की तिच्या गळ्यातनं ते जायचं नाही. जत्रेत गायचो तेव्हा चार कडवी ती म्हणायची, मी मागं टाळ धरून उभा. पाचवं कडवं आलं की ती गप्प व्हायची आणि मी म्हणायचो. बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं तिच्या आईनं तिच्या मनावर कोरलं होतं. लोकांना ते माहीत होतं. ती थांबली की लोक माझ्याकडं बघायचे. खरं सांगतो, त्या एका कडव्यासाठी मी आख्खी जत्रा फिरायचो.

मुंबईची तारीख ठरली आणि आठ दिवस आधी लाकूड तासताना माझ्या हातातली वाकस सटकून पायावर बसली. पाऊल सुजून भोपळा झालं. मी कारखानिसांना पत्र घातलं, तारीख पुढं ढकला. त्यांचं उत्तर आलं, यंत्र आणि खोली त्या दिवसाचीच मिळालीय. मग हौसाबरोबर ढोलकीवाला बाबालाल गेला, सोबतीला त्याची बायको जैनब गेली, आणि मुंबईची वाट ठाऊक म्हणून मुरारी शेटे गेला. निघताना मी खाटेवरनं बाबालालला बजावलं होतं, "शेवटचं कडवं तू म्हण. ती म्हणायची न्हाई."

आणि आता तबकडी आली होती. तिच्यावर ना कडवं, ना मी.

घरी आलो तर हौसा भाकऱ्या थापत होती. मी उंबऱ्यातच बसलो.

"सायबानं इचारलं का, गाणं कुणाचं?"

"इचारलं."

"मग?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

तिनं भाकरी उलथली. "तुमचं हाय म्हणून सांगितलं."

"माझं नाव घेतलंस?"

"तुमचं नाव मी कशी घीन?"

"मग तबकडीवर मुरारी कसं काय आलं?"

तिचा हात तव्यावरच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. "आलंय?" ती हळूच म्हणाली. "खरंच छापलंय?"

आणि तिचा चेहरा उजळला. माझी शपथ. सात वर्षांच्या संसारात मी तिला बांगड्या केल्या, लुगडी आणली, पण असा उजळलेला चेहरा मी कधी बघितला नव्हता. भाकरी करपायला लागली तरी तिला भान नव्हतं.

"तुला लई ग्वाड वाटल्यालं दिसतंय," मी म्हणालो.

तिनं मान खाली घातली. "जेवून घ्या," म्हणाली.

मी जेवलो नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काय असतं ते मला त्या दिवसापासून कळलं. मूळचाच मी संशयी माणूस. लाकूड विकत घेताना वखारवाल्यानं शपथ घेतली की मी हमखास त्या ओंडक्यात भोक शोधणार. आता तर घरातच भोक दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी बाबालालला गाठला. तो ओढ्याकाठी ढोलकीला शाई भरत बसला होता.

"तुला काय बजावलं हुतं म्या?"

"कडव्याचं ना?" तो म्हणाला. "आरं, म्या तोंड उघडलं आन् सायबानं हात दाखवून गप्प क्येलं. बाप्याचा आवाज मधी नको म्हणाला, तबकडी बाईची हाय. तिला म्हणाला, बाई, तुमीच म्हणा. ती मान हलवाय लागली. दोन येळा भरलेलं वाया गेलं. मग सायब म्हणाला, ऱ्हाऊ द्या, चारावर संपवा."

"आन् नाव? ते कुणी सांगितलं?"

"ते मागनं, कचेरीत. आमी दोघं नवरा-बायको भाईर चा पीत हुतो."

"शेटे कुटं हुता?"

"आत-भाईर करत हुता."

"म्हंजे आत हुता."

"पिराजी," बाबालाल म्हणाला, "म्या काय राखण बसलो हुतो व्हय? घरी जाऊन बायकूलाच इचार की."

त्याला सांगणं सोपं होतं. घरी मी विचारलं की ती एक तर चुलीकडं वळायची नाहीतर गोठ्यात जायची. आमच्या घरात तसंही बोलणं कमी झालं होतं. मूलबाळ नव्हतं. म्हणजे एक झालं होतं, मुलगा, पण नवव्या दिवशी गेला. बारसंही व्हायचं होतं. मी केलेला पाळणा मी दुसऱ्याच दिवशी बाजारात नेऊन विकला आणि घरी येऊन सांगितलं, हा विषय या घरात परत निघाला नाही पाहिजे. तिनं तो काढला नाही. तेव्हापासून ती रानात गायची आणि घरात गप्प असायची. रिकाम्या घरात संशयाला पाय पसरायला जागा भरपूर मिळते.

आता मला मागचं सगळं आठवायला लागलं. शेटे आमच्या अंगणात किती वेळा आला, पाणी प्यायला किती वेळ लावला, कधी कधी तो गाडीचं चाक दाखवायचं निमित्त करून आला. त्याची बैलगाडी मीच केलेली. तिच्या मागच्या फळीवर त्याचं नाव मीच कोरलेलं, आणि सुबक कोरलेलं. मी त्याचं नाव लाकडात घातलं आणि त्यानं माझं नाव तबकडीवरनं पुसलं. गावातली पोरं आता माझ्या दारावरनं जाताना 'कणसावर पाखरू' म्हणायची आणि शेवटी मुद्दाम 'मुरारीआण्णा म्हणे' असं जोडायची. हातातलं काम टाकून त्यांच्या मागं धावायची सोय नव्हती, पाय अजून लंगडत होता.

पुढच्या बाजाराला मी हौसाला सांगितलं की मला लाकडासाठी खानापूरला जायचंय, तू एकटीच जा. आणि तिच्या आधी विट्यात जाऊन, हॉटेलाच्या समोर गाड्या सोडलेल्या असतात तिथं, एका गाडीच्या आड बसलो. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण उठलो नाही.

तिनं शेंगांची टोपली विकली. मीठ घेतलं. मग डोईवरचा पदर पुढं ओढून ती हॉटेलाच्या मागच्या दाराशी गेली. बायका हॉटेलात जात नसत. तिनं दारातनं काहीतरी म्हटलं आणि शेटे बाहेर आला, हातात तबकडी घेऊन. ती काहीतरी विचारत होती. शेट्यानं तबकडीवर बोट ठेवून दाखवलं. हौसानं आपला हात लुगड्याला पुसला आणि त्याच जागेवर आपलं बोट ठेवलं. मग ते बोट तिनं फिरवलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत एकदा. तबकडी परत देताना ती रडत होती. तिला हौस म्हणून आवाज ऐकायचा असता तर ती म्हणाली असती, लावा. तिनं लावायला सांगितलंच नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला. मी तिच्या आधी घरी पोचलो आणि सोप्यात बसून राहिलो.

"तबकडीवर काय बघत हुतीस?" ती आत आल्याबरोबर मी विचारलं.

ती दचकली, पण खोटं बोलली नाही. "नाव," ती म्हणाली.

"कुणाचं?"

तिनं टोपली खाली ठेवली.

"कुणाचं नाव बघत हुतीस? आन् रडाय काय झालं हुतं?"

"माझ्याच्यानं सांगवत न्हाई," ती म्हणाली. "तुमीच सांगितलंय, बोलायचं न्हाई म्हणून."

"म्या कवा सांगितलं?"

मला त्या उलट्या बोंबा वाटल्या. चोरी करायची आणि वर धन्यालाच म्हणायचं, तूच दार उघडं टाकलं होतंस. माझं डोकं सणकलं.

"सकाळी गठुळं बांध," मी म्हणालो. "म्हायेराला सोडतो."

"किती दिसांसाठी?"

"कायमचं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं टोपलीतलं मीठ मडक्यात ओतलं, मडकं जागेवर ठेवलं आणि आत गेली. रात्रभर मी जागा होतो, तीही जागी होती. पण मी तोंड उघडलं नाही, मग ती कशाला उघडेल?

सकाळी मी बैल जुंपले. हौसा गठुळं घेऊन दारात आली. तेवढ्यात फाट्याकडनं धुरळा उठला आणि एक जीप येऊन अंगणात थांबली. पुढं कारखानीस, धोतर-कोट घातलेले, आणि मागं मुरारी शेटे. शेट्याला बघून माझा हात वाकसेकडं गेला होता, हे आज कबूल करतो.

"नमस्कार, नमस्कार," कारखानीस उतरता उतरताच म्हणाले. "हौसाबाई, तुमच्या तबकडीनं कमाल केली. सोलापूरपासनं बेळगावपर्यंत मागणी आहे. मला आणखी चार गाणी हवीत. कविराज कुठायत?"

"हे काय, तुमच्या मागं उभं हाईत," मी म्हणालो. "गाडीतनं संगं घेऊनच आलाय की."

कारखानीस वळले. "कोण, शेटे? नाही हो. मी मुरारीच्या वडलांबद्दल विचारतोय."

शेटे गोंधळला. "माझं वडील? सायब, त्ये वारून पाच वर्सं झाली. आन् त्येंनी जन्मात गाणं न्हाई क्येलं. सावकारी क्येली."

"तुमचे वडील नव्हेत हो." कारखानिसांनी कोटाच्या आतल्या खिशातनं छोटी वही काढली, चष्मा लावला आणि पान शोधलं. "हे बघा. माझ्याच हातचं आहे. मी विचारलं, गाणं कुणी रचलं? बाई म्हणाल्या, मुरारीच्या वडलांनी. मी म्हटलं, वडलांचं नाव सांगा. त्या काही सांगेनात. लेबलावर जागा एवढीशी. म्हटलं, मुलाचं तर मुलाचं, घालून टाकू. चूक झाली का काही?"

मी वही त्यांच्या हातातनं घेतली. अक्षर स्पष्ट होतं. 'गीत : मुरारीचे वडील.' त्यावर एक काट मारून नुसतं 'मुरारी' ठेवलेलं.

"कोण मुरारी?" मी विचारलं. आधी साहेबांना, मग शेट्याला, आणि शेवटी हौसाकडं वळलो. "आपल्यात कोण मुरारी हाय?"

तिनं गठुळं खाली ठेवलं नाही. पोटाशी धरूनच ती बोलली.

"तुमीच ठेवलं की नाव."

"म्या?"

"ह्येंच्या गाडीची मागली फळी कोरत हुता," ती शेट्याकडं न बघता म्हणाली. "मला सातवा लागला हुता. मी हितंच, ह्या दारात उभी हुते. म्या इचारलं, पोरगा झाला तर नाव काय ठिवायचं? तुमी वर बी बघितलं न्हाई. मुरारी ठेव, म्हणालासा."

मला तो दिवस आठवला. मला सगळे दिवस आठवतात, कुणी काय बोललं, कुणी कधी तोंड फिरवलं, सगळं. फळी आठवली, सागाची. 'रा'चा काना जरा वाकडा गेला होता तोही आठवला. ती दारात होती हे आठवत नव्हतं. मी काय बोललो ते आठवत नव्हतं. पुढ्यात गिऱ्हाइकाचं नाव होतं, तेच मी तिच्याकडं फेकलं असणार, कुत्र्याला तुकडा टाकावा तसं.

"बारशाच्या आदीच गेला त्यो," हौसा म्हणाली. "पर नऊ दिस मी त्येला त्याच नावानं हाका मारल्या. तुमी पाळणा इकून आलासा आन् म्हणालासा, ह्यो इषय पुना न्हाई. म्हणून न्हाई काढला."

जीपवाल्यानं इंजिन बंद केलं.

"सायबानं इचारलं, गाणं कुणाचं. तुमचं नाव मला घेता येतंय का? दुसऱ्या बायका कशा सांगत्यात, अमक्याचा बा, तमक्याचा बा. मलाबी एकदा तसं म्हणायचं हुतं." तिचा आवाज तिथं फुटला. "छापतील आसं ठावं नव्हतं. तुमी म्हणालासा छापलंय, तवा मला लई बरं वाटलं. कुटंतरी ऱ्हायलं म्हणलं त्येचं नाव."

मी उभा होतो तिथंच खाली बसलो, गाडीच्या चाकाला पाठ लावून. इतके दिवस मी तिच्या चेहऱ्यावरचा जो उजेड बघून जळत होतो तो माझ्याच पोराचा होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

कारखानीस खाकरले. "मला हे काही ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "नवी छपाई करायचीच आहे. लेबल दुरुस्त करून घेऊ. कवी पिराजी सुतार. ठसठशीत अक्षरांत घालू."

आठ दिवसांपूर्वी याच वाक्यासाठी मी माझा एक बैल दिला असता. मी हौसाकडं बघितलं. गठुळ्याची गाठ तिनं घट्ट धरली होती.

"न्हाई," मी म्हणालो. "हाय तसं ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण गाणं तुमचं—"

"मुरारीच छापा. फुडल्या सगळ्यांवर बी."

शेटे पुढं आला. त्याचा चेहरा पडला होता. "पिराजी, म्या गप्प बसलो, चुकलं माझं. लोक कवी म्हणाय लागलं, ग्वाड वाटलं. उद्या हॉटेलात सगळ्यांस्नी सांगतो, गाणं तुझं हाय म्हणून."

"माझं हाय म्हणून नगा सांगू," मी म्हणालो. "मुरारीच्या बापाचं हाय म्हणून सांगा."

कारखानिसांनी वही मिटली. "ते राहिलेलं कडवं तरी ऐकवा," ते म्हणाले. "पुढच्या वेळी जागा करू त्याला."

मी उठलो. सवयीनं तोंड उघडलं. सुतार एवढा शब्द निघाला आणि पुढं नाव येईना. अंगणात सगळे माझ्याकडं बघत होते. जत्रेत बघायचे तसेच. तेव्हा हौसानं गठुळं गाडीच्या चाकाशी खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि ती गायली. ज्या कडव्याला ती सात वर्षं गप्प राहिली ते तिनं पहिल्यांदा म्हटलं.

मुरारीचा बाप म्हणे, असू दे दाणे दोन गं
पाखराच्या वाट्यापायी, उपाशी मरतं कोण गं

मी बैल सोडले. गठुळं आत नेऊन जागेवर ठेवलं.

पुढं आमच्या सहा तबकड्या निघाल्या. सगळ्यांवर 'गीत : मुरारी'. शेवटचं कडवं सगळ्यांत आहे आणि ते तिच्याच आवाजात आहे. हौसाचं नाव झालं, पैका थोडा आला, मग रेडिओ आला आणि तबकड्या मागं पडल्या. मुरारी शेट्यानं फोनो मात्र काढला नाही. दर बाजाराला हौसा त्याच्या हॉटेलात जायची, पुढच्या दारानं. तो तबकडी काढून तिच्या हातात द्यायचा. ती हात लुगड्याला पुसायची आणि त्या नावावरनं बोट फिरवायची. तोवर मी तिची टोपली धरून दारात उभा राहायचो.